शेवटचा ‘स’

४ फेब्रुवारी २०१९

आदरणीय सालूदबाई,

आईच्या निधनाची चौकट वर्तमानपत्रात वाचून तुम्ही दक्षिणेतल्या हुएल्वाहून पाठवलेलं कार्ड पोचलं. इतक्या लांब राहून तुम्ही अजून सोरियाचं वर्तमानपत्र चाळता, हे मला माहीत नव्हतं. आभारी आहे.

आई सतरा जानेवारीला गेली. एक्क्याण्णव वर्षांची होती. फार त्रास झाला नाही. शेवटचे दोन महिने ती खिडकीशी बसून चर्चच्या घंटेकडे कान लावून असायची. टोल्यांवरून बाई गेली की पुरुष गेला, एवढं तिला शेवटपर्यंत कळत होतं. चौकटीत तिच्या नावाखाली ‘अनास्तासियो रुएदा यांची विधवा’ असं छापलं आहे. तसं छापायचं, हे तिने आधीच लिहून ठेवलं होतं.

तिला निएवेसच्याच कोनाड्यात ठेवलं. दफनभूमीच्या भिंतीतला तो कोनाडा फोडला तेव्हा माझ्या बहिणीचं जे काही उरलं होतं, ते एका पिशवीत भरून मागे सरकवलं. गवंड्याने विचारलं, “बघायचंय का, बाई?” मी नको म्हटलं. थोड्या वेळाने वाटलं, बघायला हवं होतं. तोवर त्याने सिमेंट कालवलं होतं.

कार्डात तुम्ही सहलीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दलही आभारी आहे. १९७३ च्या मार्चमध्ये तुम्ही आमच्या वर्गाला सेगोविया, आविला आणि तोलेदो दाखवायला नेलंत, आविलात निएवेस मागे राहिली आणि जिवाला मुकली. त्याला आता शेहेचाळीस वर्षं होतील. त्या वेळी चौकशीत मला जे विचारलं ते मी सांगितलं. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आईने तुम्हाला माफ केलं नाही. खोटं लिहून उपयोग नाही. तुमचं नाव ती घेत नसे. ‘ती दक्षिणेकडची’ म्हणायची.

मी नगरपालिकेच्या कचेरीतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. तब्येत ठीक आहे.

आपली,
कासिल्दा रुएदा काल्बो


२६ फेब्रुवारी २०१९

आदरणीय सालूदबाई,

तुमचं पत्र आलं. मला वाटलं होतं कार्डावर विषय संपेल.

तुम्ही लिहिता, डावा कान पूर्ण गेला आणि उजवाही फार दिवस टिकायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. पुढे लिहिता, “ऐकू यायचं थांबण्याआधी एवढंच कळू दे, की या कानांनी त्या दिवशी मला फसवलं होतं का.” हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. कचेरीत चाळीस वर्षं मी पत्रं टाइप केली, पण ती सगळी दुसऱ्यांची होती. कोणी मला सरळ प्रश्न विचारलेलं पत्र आठवत नाही.

परवा शेजारच्या लहान मुलीला सांगत होते, की आमच्या शाळेत हजेरी घेताना ‘हजर’ म्हणायची पद्धत नव्हती. आडनावं पुकारली की उभं राहून ‘सेर्विदोरा’ म्हणायचं, म्हणजे ‘आपली सेविका’. ती म्हणाली, “ईऽऽ, तुम्ही नोकर होता का?” मी म्हटलं, “नाही गं, नुसतं तसं म्हणायचं.” ती म्हणाली, “मग खोटं बोलायचात.” पोरगी नऊ वर्षांची आहे.

आम्हा दोघींत दहा महिन्यांचं अंतर. मी मोठी. एकाच वर्गात, आणि बापाचं रुएदा, आईचं काल्बो, दोन्ही आडनावं तीच. तुम्ही आलात तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणालात, की तीच आडनावं दोनदा पुकारून माझी जीभ वळत नाही. तेव्हापासून तुम्ही ‘रुएदा काल्बो, दोघी’ असं एकदाच पुकारायला लागलात. निएवेस बाकावर पेंगत असायची, म्हणून उत्तर मी द्यायचे. एकीऐवजी दोघींचं. ‘सेर्विदोरास.’ शेवटी एक ‘स’ लागला की दोघी आल्या.

तुमच्या बोलण्याची आम्ही चेष्टा करायचो, हे तुम्हाला तेव्हाही कळत असणार. ‘दोघी’ म्हणायला आमच्याकडे ‘लास दोस’ म्हणतात. तुमच्या तोंडी ते ‘ला दो’ व्हायचं. सातुरिया मधल्या सुट्टीत फळ्यासमोर उभी राहून तुमची नक्कल करायची. “रुएदा काल्बो, ला दो. पोरींनो, मला शब्दांची शेपटं दिसत नाहीत, माझा चष्मा कुठेय?” सगळ्या हसायच्या. निएवेस सगळ्यांत जास्त हसायची, आणि तीच एकटी म्हणायची, की बाई बोलतात ते गाण्यासारखं वाटतं.

आता तुम्ही पुन्हा तुमच्याच लोकांत आहात, जिथे कोणीच शेवटचा ‘स’ उच्चारत नाही. तुम्हाला तिथे बरं वाटत असेल असं मी धरून चालते.

आईबद्दल तुम्ही विचारलंत. काळे कपडे तिने निएवेसपासून घातले असं तुम्हाला वाटतं, तसं नाही. ती त्याआधीच काळ्यात होती. वडील जर्मनीत कारखान्यात वारले असं तिने आम्हाला सांगितलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि त्याखाली दिवा. निएवेसनंतर तिने फक्त मिठाई सोडली. गावात आजही लोक म्हणतात, पोरगी मिठाईपायी गेली. अपघाताच्या जागी निएवेसच्या अंगाखाली आविलाच्या, अंड्याच्या बलकाच्या मिठाईचा डबा सापडला होता. आईचं म्हणणं, तुम्ही मुलींना दुकानांतून मोकाट सोडलंत, न मोजता बस हाकलीत, आणि मिठाई घेऊन धावत येणारी पोरगी धुक्यात ट्रकखाली गेली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात नाही, हे मला दिसतंय.

आपली,
कासिल्दा


१८ मार्च २०१९

सालूदबाई,

आज तारीख तीच आहे. सकाळी कोनाड्यापाशी जाऊन आले. पाटीवर आईचं नाव अजून कोरायचं आहे.

मी ‘सेर्विदोरास’ म्हटलं होतं. तुम्ही ऐकलात तो ‘स’ होता. मी तो मुद्दाम, नेहमीपेक्षा जरा ठासून म्हटला होता. तुमच्या कानांनी तुम्हाला फसवलं नाही, मी फसवलं.

आता बाकीचं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

सहलीच्या महिनाभर आधी निएवेस आईच्या शिवणाच्या डब्यात दोरा शोधत होती. तळाशी तिला एक रिकामं पाकीट सापडलं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता होता. अनास्तासियो रुएदा, आविला, गल्लीचं नाव, घराचा नंबर. शिक्का तीन वर्षांपूर्वीचा. ती पाकीट घेऊन माडीवर आली आणि म्हणाली, “जर्मनीतली मेलेली माणसं आविलातून पत्रं टाकतात वाटतं.” मी म्हटलं, ठेव ते जागेवर. तिने ठेवलं. पण पत्ता पाठ करून मगच ठेवलं.

तुम्हाला आठवत असेल, दर वर्षी सॅन होसेच्या सणाला, म्हणजे वडिलांच्या दिवसाला, शाळेत आमच्याकडून वडिलांसाठी कागदाची फुलं करून घ्यायचे. ज्यांना वडील नाहीत त्यांनी ती चर्चमध्ये संताच्या पायाशी ठेवायची. आम्ही नऊ वर्षं ठेवली. सहल नेमकी त्या सणाच्या सुट्टीला जोडून निघाली होती. शनिवारी सेगोविया आणि रात्री आविलात मुक्काम, रविवारी सकाळी तोलेदोकडे, सोमवारी सणाच्या दिवशी तोलेदो. तुम्ही वर्गात नावं वाचून दाखवलीत तेव्हा निएवेसने बाकाखाली माझा हात इतका दाबला, की अंगठी रुतली.

शनिवारी सेगोवियात ती कशाकडेच बघत नव्हती. तुम्ही रोमनांच्या त्या उंच पुलाखाली उभं राहून सांगत होतात, की एवढे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर उभे आहेत. ती माझ्या कानात म्हणाली, “आपल्या घरासारखं.” मला हसू आलं. तुम्ही माझ्याकडे रागाने पाहिलंत. मी वर्गात कधी हसत नसे, म्हणून तुम्हाला आश्चर्यही वाटलं असेल.

रविवारी सकाळी आविलात धुकं होतं आणि बर्फाचा चुरा पडत होता. आपण आठची प्रार्थना मुक्कामाच्या जागी, नन्सच्या मठातच केली. बस दहाला गावाभोवतीच्या तटाच्या दरवाजापासून निघणार होती. पण आधी नदीपलीकडे ‘चार खांब’ म्हणतात त्या जागी अर्धा तास थांबून तटाचा फोटो घ्यायचा आणि मग तोलेदोचा रस्ता धरायचा, असं तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं. निएवेसने त्यावरूनच सगळं आखलं. म्हणाली, “मी त्याच्या दारापर्यंत जाते. तो आहे का एवढंच बघते. तुम्ही फोटो काढेपर्यंत पूल ओलांडून चालत चार खांबांपाशी येते. तू नुसतं ‘सेर्विदोरास’ म्हण. रोज म्हणतेसच.”

मी म्हटलं, “आणि बाईंनी पाहिलं तर?”

ती म्हणाली, “बाई यादीकडे बघतात, आपल्याकडे नाही.”

तिने लोकरीची टोपी काढून मला दिली. मी माझा कोट खिडकीशी उभा करून त्यावर ती टोपी ठेवली. काचेवर वाफ होती, आत अंधार होता. कोणीतरी डोकं टेकून झोपलंय असं वाटत होतं. ती त्या हवेत उघड्या डोक्याने गेली.

तुम्ही ड्रायव्हरशेजारी उभं राहून पुकारलंत, “रुएदा काल्बो, दोघी.” मी उत्तर दिलं. तुम्ही खूण केलीत. सगळी नावं झाल्यावर तुम्ही काचेतून बाहेर बघितलंत आणि म्हणालात, “पोरींनो, या धुक्यात तट काय, तटाचा बापही दिसणार नाही. चार खांब राहू देत. सरळ तोलेदोला जाऊ.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. बस निघाली.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. बस अजून तटाला वळसा घालत होती. मी मनात म्हटलं, पुढच्या वळणावर सांगते. मग म्हटलं, घाट सुरू होईल तिथे. निएवेसला बस दिसली नाही तर ती मठात परत जाईल, असं मला वाटत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कुठे गेली. मग आईपर्यंत गेलं असतं. आईने जो माणूस मारून भिंतीवर टांगला होता, तो आविलात एका बाईबरोबर संसार करत होता. हे गावात कळलं असतं तर ती जगली नसती, असं मला तेव्हा वाटायचं. मी सोळा वर्षांची होते, पण हे कारण म्हणून लिहीत नाही.

वाटेत एल तिएम्ब्लो गावात कॉफीसाठी थांबलो. पाऊण तास झाला होता. पुन्हा बसमध्ये चढल्यावर तुम्ही पुन्हा पुकारलंत, आणि मी ‘सेर्विदोरा’ म्हटलं. ‘स’शिवाय. माझ्या तोंडून दुसरं निघेना.

तुम्ही यादीवरून मान वर केलीत. म्हणालात, “दोघी म्हटलं मी.”

मी टोपीकडे बघितलं. तुम्ही चालत मागे आलात आणि टोपी उचललीत. तुमचा तो चेहरा मला रोज दिसतो असं लिहिणार नाही. रोज दिसत नाही. पण यादी वाचायचा आवाज कुठेही ऐकला, बँकेत, दवाखान्यात, की दिसतो.

निएवेस चार खांबांपाशी पोचली होती. तिथे बस नव्हती. ती रस्त्याकडेला उभी राहून वाट बघत होती, असं ट्रकवाल्याने सांगितलं. धुक्यात मोठा दिवा दिसला तेव्हा हात हलवत पुढे आली. त्या ट्रकलाच ती आमची बस समजली.

वडिलांकडे मी एकदा गेले, १९९१ मध्ये, कचेरीच्या कामाचं निमित्त काढून. म्हातारे झाले होते. मी कोण ते सांगावं लागलं नाही. म्हणाले, “पोरगी स्वयंपाकघरात बसली होती. त्या खुर्चीवर. दहा-पंधरा मिनिटं. घरातली प्रार्थनेला गेली होती, साडेदहाला परत यायची.” मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, “घड्याळाकडे बघत होतो मी. काय बोलणार? म्हटलं, तुझी बस चुकेल. फडताळात मिठाईचा डबा होता, तो दिला. ती म्हणाली, मला फुलं करता येतात, पण आणली नाहीत.”

तिने मिठाई विकत घेतलेली नव्हती. कुठल्याच दुकानात ती गेली नव्हती. तुम्ही कोणालाही मोकाट सोडलं नव्हतं.

चौकशीच्या दिवशी निरीक्षकाने मला विचारलं, “बाळ, तू काय म्हणालीस, सेर्विदोरा की सेर्विदोरास?” मी म्हटलं, सेर्विदोरा. तुम्ही म्हणालात, “पहिल्या खेपेला नाही, कासिल्दा. पहिल्या खेपेला काय म्हणालीस?” मी म्हटलं, दोन्ही खेपेला तेच. मग त्याने तुमच्याकडे वळून म्हटलं, “बाई, तुमच्या मुलखात शब्दाची शेपटी खाऊनच टाकतात. आमच्या पोरींचा एक ‘स’ बरा तुमच्या कानी पडला.” खोलीतली माणसं हसली. आईसुद्धा हसली. निएवेस गेल्यापासून अकरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि गप्प राहिले.

नंतर तुमची नोकरी गेली. तुम्ही पेटी घेऊन स्टँडवर उभ्या होतात तेव्हा मी औषधाच्या दुकानात होते. दारामागे.

मी माफी मागत नाही. ती द्यावी लागेल, अशा अडचणीत तुम्हाला टाकायचं नाही.

कासिल्दा


११ जून २०१९

सालूदबाई,

तुमचं उत्तर आलं नाही. मी ते मागायला लिहीत नाही. मी काय केलं ते कळवते.

तुम्हाला लिहिलं तेच जबाबाच्या रूपात टाइप केलं, सही केली आणि सोरियाला शिक्षणखात्याच्या कचेरीत गेले. खिडकीवर एक तरुण मुलगा होता. त्याने संगणकात पाहिलं, मग आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. म्हणाला, “बाई, इतकी जुनी फाइल आमच्याकडे नाही. असती तरी काय दुरुस्त करणार? त्या शिक्षिकेने अर्ज केलाय का?”

मी म्हटलं, “तिने काही केलेलंच नाही. तीच तर गोष्ट आहे.”

तो म्हणाला, “मग दुरुस्त करायला काही नाही ना.” वाईट मुलगा नव्हता. माझा कागद घेऊन त्यावर आवक शिक्का मारून दिला. त्याची प्रत सोबत पाठवते. तिचा उपयोग काय, ते मला सांगता येत नाही.

कागदावर होत नाही तर तोंडाने करते. जानेवारीत आईची वर्षाची प्रार्थना आहे. आपल्या गावात त्या दिवशी सगळे येतात हे तुम्हाला आठवत असेल. घरचं माणूस चर्चच्या ओसरीत उभं राहतं आणि प्रत्येक जण येऊन हात हातात घेतो. आमच्या वर्गातल्या सहा जणी अजून गावात आहेत. मी तिथे त्यांच्यासमोर सांगणार आहे. १८ जानेवारी, शनिवार, सकाळी अकरा. तुम्ही आलात तर मी स्टँडवर घ्यायला येईन. या वेळी दारामागे राहणार नाही.

कासिल्दा


२० जानेवारी २०२०

सालूदबाई,

तुमचं कार्ड प्रार्थनेच्या दोन दिवस आधी मिळालं. “येणार नाही. आले तरी आता काही ऐकू येणार नाही. कोण काय म्हणालं ते शब्द न शब्द लिहून पाठव. गाळू नकोस.” तुम्ही मला पुन्हा ‘तू’ म्हणालात, पूर्वी वर्गात म्हणायचात तसं. बरं वाटलं, एवढं लिहू देत. बाकी तुम्ही सांगितल्याप्रमाणे शब्द न शब्द लिहिते.

थंडी खूप होती. प्रार्थना पंचवीस मिनिटांत आटोपली, कारण पाद्रीबाबांना अजून दोन गावं करायची होती. मी ओसरीत उभी राहिले. लोक येऊन हात धरत होते. “दुःखात सोबत आहोत, कासिल्दा.” “पिकलं पान होतं.” “आता तरी थोडी फिर, बाई, मोकळी झालीस.” आमच्या सहाजणी शेवटी आल्या. सातुरिया पुढे होती. गुडघा बदलल्यापासून काठी घेऊन चालते, पण पुढेच असते. तिने माझा हात धरला तेव्हा मी तो सोडला नाही. म्हटलं, “सातुरिया, थांब. तुम्ही सगळ्याच थांबा. मला काही सांगायचंय.”

सातुरिया म्हणाली, “इथे? नाक गळून पडेल आमचं.”

मी म्हटलं, “आविलाला त्या सकाळी मी सेर्विदोरास म्हटलं होतं. दोघींसाठी. निएवेस बसमध्ये नव्हती आणि मला ते माहीत होतं. सालूदबाईंनी बरोबर ऐकलं होतं. चौकशीत मी खोटं बोलले.”

मला वाटलं होतं कोणीतरी छातीवर क्रॉसची खूण करेल, कोणीतरी रडेल. कोणी काही केलं नाही. एकीने दुसरीकडे बघितलं. मग सातुरिया म्हणाली, “माहीत आहे गं.”

मी विचारलं, “काय माहीत आहे?”

“मी तुझ्या मागच्याच बाकावर होते. तो ‘स’ माझ्या कानात शिटीसारखा वाजला. टोपीखाली कोट होता हेही दिसत होतं. अख्ख्या मागच्या रांगेला दिसत होतं. आम्हाला वाटलं, निएवेस कुठल्या पोराला भेटायला गेली. हसत होतो आम्ही.”

“मग निरीक्षकाला का नाही सांगितलं?”

“त्याने विचारलं, पोरींनो, तुम्ही काय ऐकलंत. आम्ही म्हटलं, सेर्विदोरा. एल तिएम्ब्लोला म्हणालीसच ना तसं? ते खोटं नव्हतं. कोणत्या वेळेला ते त्याने विचारलं नाही.” वर म्हणाली, “तुझी बहीण मेली होती, कासिल्दा. तुझ्यावर कोण बोट ठेवणार? आणि ती बाई काही आपल्यातली नव्हती.”

हे वाक्य मी बदललेलं नाही. तुम्ही गाळू नकोस म्हणालात.

मी म्हटलं, “ती पोराला भेटायला गेली नव्हती. आमचे वडील आविलात होते. जिवंत. ती त्यांना भेटायला गेली होती. आईला कळू नये म्हणून मी गप्प बसले.”

तेव्हा सहाजणींतली सर्वांत गरीब स्वभावाची, बेकरीवाली अरासेली, हळूच म्हणाली, “अगं, ते तर सगळ्या गावाला माहीत होतं. माझे बाबा आविलाच्या गुरांच्या बाजाराला जायचे. तुझ्या वडिलांना रामराम करून यायचे. तुझ्या आईलाही माहीत होतं, की आम्हाला माहीत आहे. कोणी बोलत नव्हतं, एवढंच.”

मी सातुरियाचा हात तेव्हा सोडला. कधीचा धरून ठेवला होता. तिची बोटं पांढरी पडली होती.

मग मी पिशवीतून कागद काढला. तुम्हाला पाठवायला टाइप करून नेला होता: आम्ही खाली सही करणाऱ्या विद्यार्थिनींनी १८ मार्च १९७३ रोजी ‘सेर्विदोरास’ हे उत्तर ऐकलं. खाली सात रेघा आखल्या होत्या. सातुरियाने तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, चष्मा घरी राहिला. दुसरी म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. तिसरीने विचारलं, बाई जिवंत आहेत का अजून? मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, “मग त्यांनाच त्रास होईल, राहू दे.” अरासेलीने पेन हातात घेतलं होतं. बाकीच्यांकडे बघितलं आणि परत दिलं. म्हणाली, “सूप निवतंय, चला.” त्या उतारावरून खाली गेल्या. बर्फ होता म्हणून एकमेकींचे दंड धरून गेल्या.

शेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं, की हे माझं एकटीचं गुपित आहे, आणि मी ते उघडलं तर सगळं कोसळेल. काही कोसळलं नाही. ओसरीतला झाडूवाला मी जायची वाट बघत उभा होता.

तो कागद सोबत आहे. सहा रेघा रिकाम्या आहेत. त्या तशाच राहतील, म्हणून तुम्ही वाट बघू नका. दुसऱ्या कोणासाठी आता मी उत्तर देऊ शकत नाही. माझ्यापुरतं देते.

सेर्विदोरा,
कासिल्दा रुएदा काल्बो